पातळ पत्रा, खारी हवा आणि हाताची घाई

गणपती गेले की आमच्या वेल्डिंगच्या शेडसमोर रिक्षा लागायला लागतात. चार महिने पाऊस, चिखल आणि समुद्रावरची खारी हवा खाल्लेल्या. रबरी मॅट उचलली की खालचा पत्रा तांबूस, पोपडे सुटलेला. परवा एका रिक्षावाल्याने मॅट बाजूला केली आणि एवढंच म्हणाला, "पायाखाली रस्तो दिसता." त्याच जागी आदल्या वर्षी ठिगळ लावलेलं होतं. ठिगळ शाबूत होतं. गेला होता तो ठिगळाच्या कडेचा जुना पत्रा. वेल्डिंगच्या रेषेला लागून ओळीने भोकं, भोकांवर वेल्डिंग रॉडचे गोळे थापलेले. बाकीचा तळ मधोमध वर आलेला. पाय ठेवला की टक करून खाली जाई, उचलला की टक करून वर येई.

ते काम ज्याने केलं त्याचा हात वाईट नाही. गेट, ग्रिल, शेडचे ट्रस असं जाड काम तो चांगलं करतो. पण जाड लोखंडावर लागलेली सवय पातळ पत्र्यावर अंगाशी येते. आणि शिकणाऱ्या पोरांना आपण सांगतो काय, तर "करंट कमी कर." हे अर्धंमुर्धं उत्तर आहे, काही वेळा तर उलटं उत्तर आहे. म्हणून भोक का पडतं आणि पत्रा का वाकतो, ते मुळापासून सांगतो. मूळ कळलं की मशीन कुठलंही असो, हात आपोआप सुधारतो.

भोक कसं पडतं

साधं पोलाद साधारण १५०० अंश सेल्सियसला वितळतं. आर्कचं, म्हणजे रॉड आणि पत्रा यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या झोताचं, तापमान पाच-सहा हजार अंशांच्या घरात असतं. म्हणजे पत्रा वितळणार हे ठरलेलंच आहे. वितळलेलं लोखंड जागेवर राहतं की खाली गळतं, एवढाच प्रश्न. ६ मिलिमीटरच्या प्लेटवर वितळलेल्या डबक्याखाली घट्ट लोखंडाचा तळ असतो. १ मिलिमीटरच्या पत्र्यात तो तळही वितळतो. मग ते डबकं फक्त कडांना धरून अधांतरी लोंबतं, नळाच्या तोंडाशी थेंब लोंबतो तसं. लहान असेपर्यंत टिकतं. जरा रुंद झालं की स्वतःच्या वजनाने सुटतं. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं, डोळ्याला कळेपर्यंत भोक पडलेलं असतं.

आता उष्णता जाते कुठे ते बघा. भाताच्या वाफ्यात मधोमध पाणी सोडलं तर ते चारही बाजूंना पसरतं. तेच बांधाला टेकून सोडलं तर पसरायला अर्धीच बाजू उरते, आणि तिथे पाणी तुंबतं. पत्र्याची कड म्हणजे हा बांध. कडेवर आर्क धरली की उष्णता तुंबते आणि कड मागे मागे पळायला लागते. दोन पत्र्यांमध्ये फट असली तर दोन बांध समोरासमोर आणि मध्ये काहीच नाही. त्या फटीवर आर्क धरणं म्हणजे अर्धं भोक आधीच पाडून घेणं. माझ्या अनुभवात दहातली सात भोकं करंटमुळे पडत नाहीत, फटीमुळे पडतात. ठिगळ नीट कापायला लागणारी वीस मिनिटं वाचवली की पुढचा तासभर भोकं बुजवण्यात जातो.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते वेल्डिंगच्या पुस्तकात फारसं सापडत नाही. जुना पत्रा वरून १ मिलिमीटर दिसतो, पण गंजाने तो खालून अर्धा खाल्लेला असतो. नवीन ठिगळ १ मिलिमीटरचं आणि शेजारचा पत्रा पाऊण किंवा अर्ध्याचा. करंट ठिगळाच्या हिशेबाने लावला की जुना पत्रा उडतो. त्या रिक्षाचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत मागे मागे कापत जायचा, मन घट्ट करून. हातोडीने हलकं ठोकून ऐकायचं. चांगला पत्रा ठण वाजतो, खाल्लेला थप वाजतो. रात्री खालून बॅटरी मारली तर सुईएवढी भोकंही चांदण्यासारखी दिसतात. गिऱ्हाइकाला वाटतं आपण भोक मोठं करतोय. त्याला बोलवून बॅटरी दाखवायची, मग तो काही बोलत नाही.

पत्रा वाकतो का

शिवणकाम येणाऱ्या बाईला हे कधी समजवावं लागत नाही. पातळ कापडावर शिवण घातली आणि दोरा जास्त आवळला की कापड चुण्या धरतं. कापड होतं तेवढंच असतं. शिवणीची रेष तेवढी आखूड झालेली असते, आणि बाजूचं कापड जाणार कुठे, ते वर-खाली लाटा घेतं. वेल्डिंगची रेष हा असाच आवळलेला दोरा आहे.

हा दोरा आवळतो कोण? लोखंड १०० अंशांनी तापलं की मीटरमागे साधारण १.२ मिलिमीटर पसरतं. १० सेंटीमीटरची रेष हजार अंशांनी तापली तर तिला तेवढंच, १.२ मिलिमीटर, पसरायचं असतं. पण तिच्या दोन्ही बाजूंना थंड, घट्ट पत्रा असतो. तो जागा देत नाही. तापलेलं लोखंड तोवर मऊ पडलेलं असतं, त्यामुळे ते लांबीत वाढण्याऐवजी जागच्या जागी दाबलं जातं आणि जाडीत फुगतं. आर्क पुढे गेली की तेच लोखंड थंड होतं आणि आखडतं. आता मात्र ते मऊ राहिलेलं नसतं, कडक होत जातं, आणि आखडताना शेजारच्या पत्र्याला धरून ओढतं. पसरताना मऊ, आखडताना कडक. सगळी वाक या एका फरकातून येते.

हीच ओढ जाड प्लेटलाही बसते, मग ती का वाकत नाही? कारण वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट तर विरोध आठपट. ५ मिलिमीटरची प्लेट १ मिलिमीटरच्या पत्र्यापेक्षा सव्वाशेपट ताठ असते. म्हणून प्लेट ती ओढ पोटात घालते आणि सरळ राहते, आणि पत्रा पोट काढतो.

आता मघाच्या "करंट कमी कर"कडे या. पत्र्यात एकूण किती उष्णता शिरली याचा हिशेब करंट गुणिले व्होल्टेज भागिले हाताचा वेग असा आहे. भोकाच्या धास्तीने पोरगं करंट अगदी खाली आणतं. मग लोखंड धड वितळत नाही, रॉड चिकटतो, म्हणून ते एकाच जागी घोटत बसतं. भोक पडत नाही, पण तेवढ्या वेळात पत्रा वीतभर लांबपर्यंत तापतो आणि सगळा तळ वाकतो. भोक हा एका क्षणाचा, एका ठिपक्याचा प्रश्न आहे. वाक हा एकूण उष्णतेचा आणि ती किती एकांगी गेली याचा प्रश्न आहे. दोन्ही सांभाळायचे तर करंट पुरेसा ठेवायचा, वेळ अगदी थोडा द्यायचा, आणि मग थांबायचं.

हे थांबणंच कुणाला जमत नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री पत्र्याच्या कामात दर टाक्यानंतर, म्हणजे वेल्डिंगच्या एकेका ठिपक्यानंतर, माझा हात धरायचे. "हात लावन बघ. भाजता? मगे थांब." एवढंच त्यांचं शास्त्र होतं. टाक्याच्या शेजारी पंजा टेकवता आला पाहिजे, तोवर पुढचा टाका नाही. वीस वर्षांनंतरही मला याहून चांगलं माप मिळालेलं नाही.

त्या रिक्षाचं काम कसं केलं

आधी बॅटरीची वायर काढली, इंधनाची टाकी आणि पाइप उतरवले, मॅट आणि सीट बाहेर ठेवली. तळाच्या खालच्या बाजूला काळं डांबरी कोटिंग असतं, ते पेट घेतं. रेषेपासून दोन इंचांपर्यंत ते खरवडून काढलं. पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट हाताशी. ही तयारी कंटाळवाणी वाटते, पण मालवण-देवगड पट्ट्यात वेल्डिंगच्या ठिणगीने गाडी पेटल्याचं कानावर आलं नाही असा मिस्त्री विरळाच.

ठिगळ १ मिलिमीटरच्या नव्या सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्याचं कापलं. चौकोनी, पण कोपरे गोल. टोकदार कोपऱ्यात उष्णता दोन बाजूंनी कोंडते, तिथे पहिलं भोक पडतं आणि पुढे तडाही तिथूनच जातो. मधोमध एक हलकी पन्हळ दाबून घेतली. मूळ तळाला असतात तशी. ती शोभेची नसते, सपाट पत्र्यापेक्षा वळण घातलेला पत्रा कितीतरी ताठ असतो आणि वेल्डिंगची ओढ सहन करतो. कडा घासून पांढऱ्या केल्या, वरून आणि खालून. रंग आणि गंज आर्कमध्ये जळतात, आर्क अडखळते, मग हात एका जागी रेंगाळतो. ठिगळ बसवलं तेव्हा फट नखही जाणार नाही एवढी होती.

काम सीओटू मशीनवर केलं. त्यात रॉडऐवजी वायर आपोआप पुढे येते आणि तिच्याभोवती गॅस सुटतो. ०.८ मिलिमीटरची वायर, १७ व्होल्टच्या आसपास, करंट साठच्या घरात. ०.६ ची वायर मिळाली तर पातळ पत्र्याला ती आणखी बरी. नुसत्या सीओटूऐवजी आर्गन-सीओटूची मिक्स सिलिंडर असेल तर आर्क मऊ राहते आणि शिंतोडे कमी उडतात. आमच्याकडे ती कुडाळहून आणावी लागते, पण पत्र्याच्या कामाला मी ती आणतोच.

मग टाके. चाकाचे नट आपण एका ओळीने आवळत नाही, समोरासमोर आवळतो. ठिगळाचंही तसंच. पहिला टाका एका कोपऱ्याशी, दुसरा समोरच्या तिरक्या कोपऱ्याशी, मग उरलेले दोन. मग चारही बाजूंच्या मध्यावर. मग त्या मधल्या जागांच्या मध्यावर. प्रत्येक टाका म्हणजे ट्रिगर अर्धा सेकंद दाबायचा आणि सोडायचा. सगळे टाके बोटा-बोटाच्या, म्हणजे साधारण इंचाच्या अंतरावर आले तेव्हा पाऊण तास गेला होता. मध्ये दोनदा फट उघडायला लागली. टाका आखडला की शेजारची फट उघडते किंवा कडा एकमेकीवर चढते. तिथे हातोडीने कड परत पातळीत आणली आणि मगच पुढे गेलो. तेव्हाच हे न करता पुढे गेलो असतो तर शेवटी ती चूक दुरुस्त झाली नसती.

भरतानाही सलग रेष ओढली नाही. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा पलीकडे, असं करत ठिपक्याला ठिपका जोडत गेलो. सलग रेष दिसायला देखणी असते, पण १ मिलिमीटरवर हातभर सलग रेष ओढणं म्हणजे तो शिवणीचा दोरा एका हिसक्यात आवळणं.

खालच्या बाजूला तांब्याची पट्टी लावली होती. ही युक्ती प्रत्येकाने करावी. तांबं साध्या पोलादापेक्षा साधारण आठपट चांगली उष्णता वाहून नेतं, आणि वितळलेलं लोखंड त्याला चिकटत नाही. म्हणजे लोंबणाऱ्या थेंबाला खालून हात मिळतो आणि उष्णतेला पळायला वाट मिळते. भंगारवाल्याकडे तांब्याचा जुना बसबार मिळतो, नाहीतर एसीचा तांब्याचा पाइप ठोकून चपटा केला तरी चालतो. पितळ लावू नका. त्यात जस्त असतं, तापलं की त्याचा धूर होतो. अॅल्युमिनियमचा जाड ठोकळा चालतो, फक्त आर्क थेट त्यावर धरायची नाही.

इतकं करूनही भोक पडलं तर? थांबायचं. त्याच गरम जागेवर लगेच रॉड थापायला गेलं की भोक वाढत जातं, हे प्रत्येकाने अनुभवलंय. पत्रा थंड होऊ द्यायचा, खाली तांबं दाबून धरायचं, आणि भोकाच्या काठावर, जिथे पत्रा जाड आहे त्या बाजूने, एकेक ठिपका घालत आत यायचं. प्रत्येक ठिपक्यानंतर लाली जाईपर्यंत थांबायचं.

ज्यांच्याकडे रॉडचंच मशीन आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. १.६ मिलिमीटर, म्हणजे १६ गेजपर्यंत रॉडने काम निभतं. त्याखाली हात अगदी तयार असल्याशिवाय रॉडच्या नादी लागू नये. १२ नंबरचा, म्हणजे २.५ मिलिमीटरचा ६०१३ जातीचा रॉड, आणि मिळाला तर २ मिलिमीटरचा. १० नंबरचा, म्हणजे त्याहून जाड, रॉड पत्र्याला लावूच नका. इन्व्हर्टर मशीन डीसी असेल तर रॉड धरायचा होल्डर निगेटिव्हला आणि पत्र्याला जोडायचं अर्थिंग पॉझिटिव्हला लावा. रॉड लवकर वितळतो आणि आर्क पत्र्यात कमी खोल शिरते. पत्रा तिरका टेकवता आला तर वरून खाली येत वेल्ड करा. जाड कामात आपण खालून वर जातो, कारण तिथे खोली हवी असते. इथे ती नको असते.

स्टीलच्या झाकणाने मला शिकवलेलं

मासेमारीच्या होडीवरच्या बर्फपेटीचं स्टेनलेसचं झाकण मी पहिल्यांदा केलं तेव्हा पत्रा १.२ मिलिमीटरचा होता, तीन फूट बाय दोन फूट. खाली ताठपणासाठी दोन अँगल लावायचे होते. साध्या पत्र्यावर हात बसला होता, आर्गन गॅसचं वेल्डिंग मशीन नवीन घेतलेलं होतं, रेषा सुरेख येत होत्या. दोन्ही अँगल एका बैठकीत, दोन्ही बाजूंनी सलग ओढले. सकाळी झाकण पेटीवर ठेवलं तर दोन कोपरे टेकलेले आणि दोन अंगठाभर वर, भाजलेल्या पापडासारखं. होडी दुसऱ्या दिवशी निघायची होती. तो पत्रा माझ्या पैशाने गेला आणि होडीवाल्याचा एक दिवस गेला. त्याला एक दिवस म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे.

स्टेनलेस साध्या लोखंडासारखं वागत नाही. ३०४ नंबरचं स्टील तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट पसरतं आणि उष्णता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानेच पुढे सरकवतं. म्हणजे उष्णता एका जागी कोंडून राहते, आणि जिथे कोंडते तिथेच जास्त पसरते. दोन्ही गोष्टी वाकेच्या बाजूच्या. आता मी असं झाकण करतो तेव्हा अँगल जवळजवळ लावतच नाही. पत्रा फोल्डिंग मशीनवर चारही बाजूंनी वाकवून घेतो, मधोमध तिरका हलका मोड देतो. ताठपणा वाकवण्यातून मिळतो, वेल्डिंग फक्त चार कोपऱ्यांना. पातळ पत्र्याच्या कामात आधी हे बघावं की कुठलं वेल्डिंग टाळता येईल.

आणि मागची बाजू. स्टेनलेसला मागून हवा लागली की तिथे काळपट, खरखरीत, साखर करपल्यासारखा थर येतो. आमच्या भाषेत साखरच म्हणतात त्याला. माशांच्या पेटीत तो राहिला तर घाण धरतो आणि खाऱ्या पाण्यात गंज तिथूनच सुरू होतो. मागून तांब्याची पट्टी घट्ट लावावी, शक्य असेल तिथे मागेही आर्गन सोडावा.

जीआय पत्रा आणि ताप

पावसाळ्याआधी पन्हळी आणि कौलांखालच्या पत्र्याची कामं येतात, ती बहुतेक जीआय पत्र्याची. त्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. लोखंड वितळायच्या कितीतरी आधी त्याची वाफ होते. ती वाफ वितळलेल्या लोखंडातून फुसफुसत बाहेर येते, म्हणून जीआयवर वेल्डिंग सच्छिद्र होतं आणि शिंतोडे उडतात. हवेत ती पांढरा धूर होते. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी अंग मोडून येतं, थंडी वाजते, ताप भरतो. एक-दोन दिवसांत तो उतरतो म्हणून लोक त्याला किरकोळ समजतात. तो किरकोळ नाही. दूध प्यायलं की धूर बाधत नाही, गूळ खाल्ला की छाती साफ होते, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. धूर फुप्फुसात जातो, दूध पोटात जातं. त्याने काहीही अडत नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंचा इंचभर जस्ताचा थर घासून काढा, मोकळ्या हवेत बसा, वारा पाठीमागून नको, बाजूने येईल असं बसा, आणि धुराचा मास्क लावा. रुमाल चालत नाही.

पन्हळीला तर माझं सरळ मत आहे की वेल्डिंग करूच नये. रिव्हेट मारून वर सोल्डरचा डाग द्यावा. सोल्डर २०० अंशांच्या आसपास काम करतं, जस्ताचा थर जळत नाही, पत्रा वाकत नाही. जुने लोक हेच करायचे आणि त्या पन्हळी वर्षानुवर्षं टिकायच्या.

होडीच्या डिझेल टाकीबद्दल इथेच सांगतो, कारण तीही पातळ पत्र्याची असते आणि "एक टाका मारून द्या" म्हणून लोक ती घेऊन येतात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. आत वाफ साठलेली असते. नीट वाफेने धुऊन, वेल्डिंगच्या जागेपर्यंत पाण्याने भरून, झाकणं उघडी ठेवल्याशिवाय तिला ठिणगी दाखवायची नाही. ही सोय नसेल तर नाही म्हणायचं. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

इथली हवा

आमच्याकडे दुपारी समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, रात्री जमिनीवरून मतलई. सीओटू किंवा आर्गन मशीनच्या तोंडाशी गॅसचं जे आवरण असतं ते ताशी ८ किलोमीटरच्या वाऱ्यातही विस्कटतं. माडाची झावळी जरा सळसळायला लागली की तेवढा वारा झालाच. मग वेल्डमध्ये टाचणीएवढी छिद्रं दिसायला लागतात आणि माणूस करंट बदलत बसतो. दोष वाऱ्याचा. पत्र्याची कामं मी सकाळीच उरकतो, नाहीतर प्लायचे दोन आडोसे लावतो. गॅस वाढवून उपयोग होत नाही, जास्त सोडला तर तो स्वतःच भोवरा करून हवा आत ओढतो. मिनिटाला १० ते १२ लिटर पुरे.

पावसाळ्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात रॉडचा पुडा उघडा ठेवणं म्हणजे तो फेकून देणं. ओल धरलेला रॉड फटफटतो. बंद डब्यात ठेवा. आणि ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनी होल्डर धरू नका. मशीनवर आर्क नसताना साठ ते ऐंशी व्होल्ट असतात. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या माणसाला तेवढे पुरतात.

गावातला व्होल्टेज संध्याकाळी उतरतो तेव्हा साधं मशीन त्याच आकड्यावर कमी करंट देतं. सकाळी जमलेलं सेटिंग संध्याकाळी जमत नाही ते त्यामुळे. काम सुरू करायच्या आधी त्याच जाडीच्या तुकड्यावर दोन टाके मारून बघावेत. पत्रा उलटा करून मागे बघायचं. मागे हलका निळसर उठाव दिसला तर बरोबर, काहीच नाही दिसलं तर टाका वरच्या वर बसलाय.

वाकलेला पत्रा परत सरळ होतो का? बराचसा होतो. रेष आखूड झाली म्हणून पत्रा फुगला, मग रेष लांब करायची. खाली जाड लोखंडाचा ठोकळा धरून वेल्डच्या रेषेवरच हातोडीने हलके ठोके मारत जायचं. लोखंड दबतं, पसरतं, चुण्या सैल होतात. बाजूचा फुगवटा उरला तर उलटी युक्ती. फुगवट्यावर नाण्याएवढा ठिपका गॅसने लाल करायचा आणि ओल्या फडक्याने थंड करायचा. मघाचंच शास्त्र, तिथे जे आपल्याला छळत होतं तेच इथे कामाला लावायचं. तापलेला ठिपका दाबला जातो, थंड होताना आखडतो आणि जादा पत्रा स्वतःत ओढून घेतो. एका वेळी एकच ठिपका, आणि पुन्हा हात लावून बघायचं. ग्राइंडर मात्र जपून. वेल्ड सपाट करायच्या नादात एका जागी डिस्क दाबली की पत्रा निळा पडतो. म्हणजे तो पुन्हा तापला, आणि आतापर्यंतची मेहनत वाया. फ्लॅप डिस्क, हलका हात, सारखी सरकती.

शेवटचा भाग कोकणात सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. ठिपक्या-ठिपक्याने केलेल्या वेल्डमध्ये कुठेतरी केसाएवढी फट राहते. वाक टाळण्यासाठी आपण केलेली ही तडजोड. पण त्या फटीत खारट ओल शिरते आणि आत बसते, आणि दोन पावसाळ्यांत ठिगळाची कड खाते. म्हणून वरून आणि खालून सीलंट लावायचं, आधी जस्तवाला प्रायमर, मग सीलंट, मग रंग, खालून पुन्हा डांबरी कोटिंग. बंद पोकळ्यांमध्ये मेण किंवा जुनं ग्रीस फवारायचं आणि पाणी निघायची भोकं मोकळी करायची. त्या रिक्षाला वेल्डिंग दुपारी दोनला संपलं आणि रंग लावून होईपर्यंत दिवे लागले होते. रिक्षावाल्याला घाई होती, रंग उद्या मारतो म्हणाला. मी त्याला सोडलं नाही. आमच्याकडे घासून पांढरा केलेला पत्रा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी त्यावर तांबडी झाक आलेली असते.